ओळीमधला श्वास
रेकॉर्ड कंपनीच्या संस्थापकाचं आत्मचरित्र छपाईला निघालं होतं. शेवटचं वाचन नेहमीप्रमाणे बायकोच्या गळ्यात पडलं होतं. एकशे बाराव्या पानावर तिची लाल पेन्सिल अडखळली. कंपनीला तारणाऱ्या गाण्यात ओळीच्या मधोमध घेतलेला श्वास म्हणजे विख्यात गायिकेची दैवी प्रतिभा, असं नवऱ्याने भक्तिगद्गद होऊन लिहिलं होतं. वास्तविक गायिकेला चाल समजावी म्हणून बायकोने गायलेलं कच्चं ध्वनिमुद्रणच त्याने घाईत गायिकेच्या नावावर खपवलं होतं. “आटप गं, छापखान्याचा माणूस दारात ताटकळलाय!” येरझारा घालत तो ओरडला. “तो श्वास माझा आहे,” ती म्हणाली. “आठवा महिना होता, दम पुरत नव्हता.” “अगं, चाळीस वर्षांनी श्वास कोण मोजतंय?” तिने गायिकेचं नाव खोडलं, तीनशे पानांत कुठेही नसलेलं स्वतःचं नाव लिहिलं आणि प्रत थेट दारातल्या माणसाच्या हाती ठेवली.