छत्तीस फोटो

साताऱ्याहून चंदीगडपर्यंतचा प्रवास आईला झेपणारा नव्हता. "नातवाचे फोटो तरी पाठव," तिने श्रीपादला कळवलं. त्याने नुकतीच हौसेने मॅक्रो लेन्स घेतली होती. बाळाच्या अगदी नाकाशी ती भिडवून पठ्ठ्याने छत्तीसचा अख्खा रोल संपवला.

"अहो, एखादा तरी लांबून काढा," बायको कळवळून म्हणाली.

"लांबून कुणीही काढतं! यात बघ, पापणीचा केस न् केस मोजता येतो."

सेक्टर बावीसच्या स्टुडिओतले सरदारजीसुद्धा "कमाल है जी!" म्हणाले, तेव्हा तर श्रीपादची छाती फुगली. फोटो रजिस्टर पोस्टाने रवाना झाले.

पंधरा दिवसांनी आईचं कार्ड आलं.


"चि. श्रीपादास अनेक आशीर्वाद. पापणी, करंगळीचं नख आणि डावा कान सुखरूप पोचले. उरलेला नातू कधी धाडतोस?"