पाठीवरचा डबा

“डब्याला तू धरू नगंस, डबा तुला धरंल!” काठावरून आत्या ओरडली.

पळण्याचा सराव झाला, सायकलचा झाला. पहिल्या ट्रायथलॉनमधलं पोहणं तेवढं राहिलं होतं. शहरातल्या स्विमिंग पूलमध्ये सहा महिने भाची कडेची भिंतच चाचपत राहिली. स्पर्धा तर धरणाच्या पाण्यात; तिथं मध्यावर धरायला भिंत कुठली? म्हणून बेचाळिसाव्या वर्षी, स्पर्धेला आठ दिवस उरले असताना, ती आत्याच्या विहिरीत उतरली होती, पोरासोरांसारखा तेलाचा रिकामा डबा पाठीला बांधून.

पाण्यातलं गोल आभाळ कापत तिनं एक फेरी मारली, मग दुसरी. नाकात पाणी गेलं, दम लागला, तरी कडेच्या दगडाला तिनं हात लावला नाही. दहा फेऱ्यांनंतर ती पायऱ्या चढू लागली, तर पाठ मागे ओढली गेली.

“आत्या, डबा एवढा जड कशानं?”

“झाकण ढिलं ठिवलं हुतं मी. पहिल्याच फेरीत भरला.” आत्या पदराआड हसली. “बाकीच्या नऊ तुझ्या तू मारल्यास.”

तिनं दोरीची गाठ सोडली, डबा आत्याच्या हाती दिला आणि पुन्हा पायऱ्या उतरू लागली.

“अगं, आता कुठं?”

“अकरावी राहिलीय.”