मुठीची ताकद

"चाचा, तुमची पकड चौदा किलोवरून एकोणीसवर आली! आता आम्हालाच कुस्तीला बोलवाल," मुठीची ताकद मोजणारं यंत्र पाहत डॉक्टर हेमाताई म्हणाल्या. अशक्त म्हाताऱ्यांवर अश्वगंधेच्या अर्काची चाचणी चालू होती. करीमचाचा ओशाळून हसले. एकही कॅप्सूल त्यांनी घेतली नव्हती. अंथरुणाला खिळलेली बायको अख्तरबानू उठून बसेल, या आशेने सगळ्या तिलाच दिल्या होत्या.

तीन महिन्यांनी पकड पंधरावर घसरली.

"कॅप्सूल बंद केल्यात ना?" हेमाताई रागावल्या.

चाचांनी उरलेली बाटली टेबलावर ठेवली.

"मी कधी घेतल्याच नाहीत, मॅडम. दिवसातून दहादा बायकोला उचलून बसवायचो, कुशीवर वळवायचो. आता घरात उचलायला कुणी उरलं नाही."