कोरीनची यादी

"जपून, उजवीकडे कुणीतरी चालतंय," ॲन्सेल म्हणाला.

"दिसतंय मला. केव्हापासून दिसतंय," लोर्ना म्हणाली. "आणि पाय आवर जरा. सकाळपासून ब्रेक दाबतोयस. तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये, बाबा."

त्यानं पाय मागं घेतला. पण रस्त्याकडेनं चालणारी ती बाई मागं पडेपर्यंत त्याची मान तिच्याकडेच वळलेली होती.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. व्हरमाँटच्या डोंगरांत मेपल लालभडक झाले होते आणि दूरदूरच्या नंबरांच्या गाड्या मुंगीच्या पावलानं घाट चढत होत्या. लोर्ना थिबो एकाहत्तर वर्षांची. जन्म याच खोऱ्यातला. पानं बघायला म्हणून ती आयुष्यात कधी घराबाहेर पडली नव्हती.

पडली असती तर सहा वर्षांपूर्वीच. "आई, चल ना. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे," असं कोरीन आठवडाभर मागं लागली होती. लोर्नाला तेव्हा सफरचंदांचा मुरंबा घालायचा होता. "पुढच्या वर्षी नक्की," ती म्हणाली. कोरीन एकटीच निघाली आणि तिसऱ्या दिवशी याच रस्त्यावर अपघातात गेली. तिच्या जाकिटाच्या खिशात एक यादी मिळाली. पाच ठिकाणं, हिरव्या शाईत. चार ठिकाणांवर बरोबरची खूण होती. पाचव्यापुढं लिहिलं होतं, 'अर्ध्या तासाची वाट. सोपी. आईलाही जमेल.'

ॲन्सेल गेल्या महिन्यातच परत आला होता. मधल्या वर्षांत दोघांमध्ये पाच-सहा पत्रं झाली. लोर्नाच्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असे : शेवटी ती काय बोलली? त्याचं उत्तरही दर वेळी तेच असे : कागदावर लिहवत नाही. समोर आलो की सांगेन.

तो आल्यावर तिनंच त्याला फोन केला. "कोरीनची यादी आहे माझ्याकडं. सगळी ठिकाणं बघायचीत. तू चल."

मग तो म्हणाला, "गाडी मी नाही चालवणार."

"तुला कोण चालवू देतंय?"

गेल्या दोन दिवसांत तलाव झाला, छपराचा लाकडी पूल झाला, दोन टेकड्या झाल्या. बोलणं बेताचंच. तिला नावानं हाक मारायचं तो टाळत होता. जेवताना ताटाकडं बघून जेवायचा, भराभर, कुणी ताट ओढून नेईल तसा.

दुपारी ती एका शेतावरच्या दुकानाशी थांबली. सफरचंदाच्या रसात मळलेले डोनट्स कढईतून नुकतेच निघत होते. दुकानवाली बोलघेवडी होती.

"पानबघे ना तुम्ही? काल एकानं लाल झाडाचा फोटो घ्यायला गाडी थेट माझ्या भोपळ्यांत घातली!"

"मी इथलीच आहे," लोर्ना म्हणाली. "माझी मुलगी होती हौशी. तिची राहिलेली सहल पुरी करतोय."

"होती?" बाईनं झारा खाली ठेवला. ॲन्सेलकडं बघून हलकेच म्हणाली, "आणि हे जावई?"

ॲन्सेलच्या हातातली कागदी पिशवी चुरगळली.

"शेवटी तिच्याजवळ हाच होता," लोर्ना म्हणाली.

"अरे देवा." बाईचे डोळे भरून आले. तिनं आणखी दोन डोनट्स पिशवीत घातले आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. "धीर धरा हो. तिला सोबत तरी मिळाली तुमची."

तो गाडीत जाऊन बसला. डोनटला त्यानं हात लावला नाही.

पाचव्या ठिकाणाची वाट खरंच सोपी होती. बर्चच्या पिवळ्या पानांचा थर पडलेला, मधूनच एखादं मूळ वर आलेलं. एका मुळाला लोर्नाचा पाय अडला. ॲन्सेलनं चटकन तिचं कोपर धरलं. कालच्या टेकडीवर तिनं त्याचा हात झटकला होता. आज झटकला नाही.

वर एक सपाट खडक होता. खाली सगळं खोरं पसरलेलं, लाल, तांबूस, पिवळं. लोर्ना बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"मुरंबा घालत बसले मी," ती म्हणाली. "बारा बरण्या. एकही उघडली नाही कुणी."

ॲन्सेलही खडकावर टेकला.

"आता सांग. भ्यायली होती का ती?"

"नाही. आधी थंडी वाजतेय म्हणाली. मी माझा कोट घातला तिच्या अंगावर."

"माझं नाव काढलं?"

"हो. आई पुढच्या वर्षी येणार आहे, म्हणाली."

लोर्नानं तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. तिचे खांदे हलत राहिले. तो तिच्यापासून हातभर दूर, गुडघ्यांत मान घालून बसला होता. शेवटी तिनंच डोळे पुसले.

"अजून काहीतरी आहे. सहा वर्षं तुला जे लिहवलं नाही ते."

"ते नका विचारू."

"त्याच्यासाठीच आणलंय तुला इथं. बोल."

ॲन्सेलनं मान वर केली.

"तिनं मला विचारलं, 'मला धडक देणारा पळून गेला का हो?' 'तो मीच' म्हणायचं धाडस झालं नाही. मी खोटं बोललो. हो म्हणालो. तर म्हणाली, 'देव तुमचं भलं करो, तुम्ही तरी थांबलात.'"