ब्रेस्लाउहून आलेला माणूस

"नीट बघा, लिंडेकसाहेब," बुर्कहार्ट म्हणाला. "घाई नाही. याला ओळखता का?"

समोर खुर्चीच्या कडेवर एक पन्नाशीचा माणूस बसला होता. पाठीत वाकलेला, बुटांवर चिखल. नाव अलोइस पेल्त्स. जर्मनीत ब्रेस्लाउच्या थिएटरात प्रॉम्प्टर होतो, नटांना विसरलेली वाक्यं खालून पुरवायचो, म्हणत होता. परवाच डोंगरातून सरहद्द ओलांडून तो प्रागला पोचला होता.

बुर्कहार्ट आम्हा निर्वासितांच्या कमिटीचा प्रमुख, आणि कमिटीचा एकच नियम. जर्मनीतून पळून आलेल्याला तिकडच्या एकानं तरी ओळखलं पाहिजे. ओळख पटली की कमिटीचा कागद मिळतो, आणि कागद असला की झेक पोलीस राहू देतात. नसला तर परत सरहद्दीवर. पलीकडे माणसाचं काय करतात, ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण करणार काय? वसंतात असाच एकजण रडत आला, आमचं सूप प्यायला, आणि आमच्यातल्या दोघांना गाडीत कोंबून बर्लिनला घेऊन गेला. तेव्हापासून कोणावर विश्वास टाकायची सोय उरली नव्हती.

ब्रेस्लाउच्या थिएटरातला प्रागमध्ये एकच माणूस होता. नाटककार कुनो लिंडेक.

लिंडेक म्हणजे आमचं नाक. तेहेतीसच्या फेब्रुवारीत ब्रेस्लाउला त्याचं नाटक लागलं. शेवटी नाझी पोरं एका म्हाताऱ्या आईचं दार ठोठावतात. ती दारात उभी राहून म्हणते, "या आत. घाबरलाय तुम्ही, मी नाही." अख्खं थिएटर उभं राहिलं होतं. आठवड्यात नाटक बंद झालं आणि लिंडेक रातोरात पळाला. वाक्य मात्र त्याच्याही पुढे धावलं. ते भिंतींवर लिहिलं गेलं, तुरुंगातून आलेल्या चिठ्ठ्यांत आलं. आमच्या म्हाताऱ्या बायका ते पुटपुटत झोपायच्या. त्यानंतर अडीच वर्षांत लिंडेकच्या हातून एक पान उतरलं नव्हतं. कुठंही वाचनाला बोलावलं की लोक तेच वाक्य मागायचे, आणि तो तेच द्यायचा.

लिंडेकनं चष्मा पुसला. "थिएटरात माणसं पुष्कळ होती," तो म्हणाला. "तुम्हीच विचारा काय ते."

"प्रॉम्प्टर बसतो कुठं?" बुर्कहार्टनं विचारलं.

"रंगमंचाच्या पुढे, खालच्या पेटीत. डोकं तेवढं वर. हिवाळ्यात गुडघे धरतात."

"आणि मुख्य नटी? ती विसरायची का?"

पेल्त्स पहिल्यांदा हसला. "खालून काय दिलं-घेतलं, ते आम्ही बाहेर बोलत नसतो, साहेब."

"वा रे वा!" स्वयंपाकघराच्या दारातून रोझल ओरडली. ती रोज चाळीस माणसांचं सूप रांधायची आणि तिची जीभ तिखट होती. "जीव टांगणीला लागलाय आणि हा तोरा! मी सांगते काय विचारायचं. नाटकाचं शेवटचं वाक्य सांग म्हणावं याला."

पेल्त्सनं लिंडेककडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माझ्या प्रॉम्प्टच्या वहीत?" तो म्हणाला. "वहीत शेवटी वाक्य नाही. आई काही बोलत नाही. दार लावून घेते. पडदा."

खोलीत एकच गलका उठला. कप्पाळ! शेंबड्या पोराला ठाऊक असलेलं वाक्य याला माहीत नाही!

"बर्लिनवाल्यांनी शिकवून तरी नीट पाठवायचं होतं," रोझल म्हणाली.

बुर्कहार्टनं हात वर केला. तो जुना छापखान्यातला माणूस, कोणाला उगाच बुडवणारा नव्हता. "लिंडेकसाहेब, शेवटचं विचारतो. तुम्ही हो म्हणालात तर अजूनही कागद देतो. हा तुमच्या थिएटरातला आहे?"

"सांगा ना त्यांना," पेल्त्स हळूच म्हणाला. "मी कोणाला काही सांगायला आलेलो नाही. मला फक्त राहायचंय इथं."

लिंडेक उठला. टोपी शोधायला त्याला उगाच वेळ लागला.

"मी या गृहस्थांना ओळखत नाही," तो म्हणाला.

चार वाजता दोन पोलीस आले. पेल्त्सनं आरडाओरडा केला नाही. जाताना रोझलला सूप छान होतं म्हणाला. ती आत जाऊन भांडी आपटत राहिली. हेर असला तरी माणूसच की, असं पुटपुटत होती.

घरी हेडविगनं नवऱ्यापुढे बटाटे ठेवले. ब्रेस्लाउला असताना ती आईच्या आजारपणात अडकलेली, त्या नाटकाला तिला जाताच आलं नव्हतं. लिंडेकनं ताटाला हात लावला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"अहो, असं काय करता?" तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "किती मनाला लावून घ्याल? ओळखीचाच नव्हता तर तुम्ही तरी काय करणार?"

"पहिल्या प्रयोगाच्या रात्री रंगमंचावरचं दार अडकलं, हेडविग," लिंडेक म्हणाला. "काही केल्या बंद होईना. आईचं काम करणारी बाई नुसती उभी राहिली, आणि तेव्हा ते वाक्य पेल्त्सनं खालून स्वतःच्या मनानं तिला दिलं. मी लिहिलेल्या नाटकात आई दार लावून घेते."