पहिला घास

पिझ्झा टेबलावर येऊन बराच वेळ झाला होता आणि कुणीही त्याला हात लावत नव्हतं. म्हणजे हात लावत होते, पण खायला नव्हे. निमिष खुर्चीवर चढून वरून फोटो काढत होता. ईरा बेसिलचं पान उचलून दुसरीकडे ठेवत होती, मग पुन्हा पहिल्याच जागी.

आसावरी हाताची घडी घालून दोघांकडे बघत होती. फूड ब्लॉगर म्हणे! यांना भूक तरी लागते का कधी? निमिषचं कॅप्शन तर पनवेलहून येताना, जिते स्टेशन यायच्या आतच लिहून झालं होतं, 'रोह्यात रोम!' पिझ्झा तेव्हा भट्टीतही गेला नव्हता.

काउंटरमागून वैशाली बघत होती. ती आसावरीची शाळेतली मैत्रीण. रोह्याजवळच्या वरसे गावातलं हे चार टेबलांचं इटालियन हॉटेल तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, अक्षयचं. या तिघांना तिनंच बोलावलं होतं. पण आल्या आल्या आसावरीला बाजूला घेऊन ती म्हणाली होती, "व्हिडिओ टाका नायतर नका टाकू. मी बेसमध्ये आमच्या शेतातल्या तांदळाचं पीठ घातलंय. अक्षयला पटत नाय. म्हणतो, पिझ्झा हाय का घावन? तू खा आणि मला खरं सांग गो. तू म्हणशील तसंच करणार."

"गरम आहे तोवर खाऊन घेऊ या का?" आसावरीनं विचारलं.

"चीज ओढायचा शॉट व्हायच्या आधी?" ईरानं तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिनं आरतीआधीच प्रसाद मागितला होता.

पहिल्यांदा ओढताना चीज तुटलं. पिझ्झा आत गेला, पुन्हा गरम होऊन आला. या वेळी चीज तुटलं नाही. मग घासाची पाळी. निमिषनं एक तुकडा उचलून टोक तोंडात घातलं, डोळे मिटले, मान डोलावली. "क्रस्ट बघा मित्रांनो, क्रस्ट!" ईरानं फोन खाली घेतला आणि त्यानं तो घास शांतपणे टिशूत काढला.

"कोलाडला अजून दोन ठिकाणी जायचंय," तो म्हणाला. "पोट एकच आहे ना यार."

ईरानंही तेच केलं, जरा नाजूकपणे. बोटं मात्र तिनं कॅमेऱ्यासमोर चाटून घेतली होती.

आसावरीला किळस आली. घरच्या शेतातला तांदूळ, दळून आणलेलं पीठ, रात्रभर फुगवलेली कणीक, आणि हे लोक थुंकतात! असल्यांच्या पंगतीला आपण बसतोच कशाला, असं तिला वाटलं. बाहेर पडल्यावर दोघांना चांगलं सुनावायचं तिनं ठरवून टाकलं.

"आसावरी, तुझा शॉट."

तिनं तुकडा उचलला. कड कुरकुरीत, आतून मऊ, आणि मागाहून जिभेवर येणारी तांदळाची गोडी. तिला आवडला. अगदी मनापासून आवडला. कॅमेऱ्यासमोर कित्येक महिन्यांत एक खरं वाक्य बोलायची संधी आली होती.

"थांब, थांब. वेटर मध्ये आला. परत घे," निमिष म्हणाला.

परत घ्यायचं तर तोंड रिकामं हवं. तिचा हात आपसूक टिशूकडे गेला. पुढच्या वेळी ती अडखळली, तेव्हाही गेला. अखेर शॉट चांगला आला, तेव्हा कोलाडची दोन हॉटेलं आठवली आणि तिनं तोही घास टिशूत काढला. काय ही माणसं, असं मनात म्हणत तिनं टिशूची नीट घडी घातली.

वैशाली हात पुसत टेबलापाशी आली. "कसा झालाय?"

"किलर!" निमिष म्हणाला.

"अगदी इटलीत बसल्यासारखं वाटलं," ईरा म्हणाली. ती लोणावळ्यापलीकडे कधी गेली नव्हती.

वैशालीनं दोघांकडे लक्षच दिलं नाही. "तू सांग गो," ती आसावरीला म्हणाली, आणि बोलता बोलता सवयीनं टेबल आवरायला लागली. बोर्डावर टोकं तेवढी उडालेले तीन तुकडे होते. पाण्याच्या बाटलीमागचे टिशू तिनं गोळा केले. एक ओला लागला म्हणून तिनं उघडून बघितला. मग दुसरा उघडला. निमिष मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. ईरा पर्स शोधू लागली.

"ह्यातला तुझा कोणता?" वैशालीनं विचारलं.

आसावरीचा चेहरा खर्रकन उतरला. "ऐक ना वैशाली. चांगला झालाय गं. शप्पथ, खरंच चांगला झालाय. तांदळानंच चव आलीये त्याला. काही बदलू नकोस."

"चांगला झालाय, तर गिळला का नाय?"

 आसावरीनं समोरचा गार तुकडा उचलला आणि भराभर खायला लागली. तोंड भरलं, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. 

"राहू दे. ठसका लागंल," वैशाली म्हणाली आणि पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. मग भटारखान्याकडे वळून तिनं हाक मारली, "अक्षय, तुझंच खरं. उद्यापासून नुसता मैदा."