चौकटीतलं नाव

काळी चौकट मावशीच्या नावाभोवती आली होती.

भाचीने डोळे चोळून पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. पुस्तकाची पानं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भसूचीची नवी पद्धत बसवायचं काम काकांनी तिला दिलं होतं. त्यांच्या प्रकाशनाचा नियम साधा: लेखक हयात नसेल, तर नावाला चौकट. यादीत ‘दिवंगत लेखक क्रमांक’ असा रकाना होता. त्या क्रमांकाच्या नावाला सॉफ्टवेअर चौकट घालायचं. आता संगणक शून्यापासून मोजतो आणि त्याच्या नादाने भाचीही. मावशी चिडवायची, “पायऱ्याही तशाच मोज, म्हणजे पडशील एक दिवस धाडकन!”

चाचणीला तिने काका-मावशीचाच विषारी वनस्पतींचा कोश घेतला होता. लेखक दोन. आधी काका, मग मावशी. रकाना रिकामा हवा होता. तो भरलेला होता, आणि शेजारी मृत्यूचं साल होतं यंदाचं.

मावशी तर ठणठणीत! सकाळीच तिने काकांच्या कॉफीचा थर्मास भाचीच्या हाती दिला होता, वर ताकीद, “सगळी संपवायला लाव गं.”

“काका, ही यादी कोणी पाठवली?”

“माझ्याच मेलवरून आलीय ना?” काकांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. मावशीने साखर बंद केल्यापासून ते कॉफीला औषध म्हणायचे.

“मावशीच्या नावाला चौकट आलीय.”

काकांनी मान वर केली नाही. “राहू दे. पुस्तक येईपर्यंत होईल बरोबर.”

पुस्तक शुक्रवारी छापून येणार होतं. दोघांचं हल्ली विळ्या-भोपळ्याचं सख्य, हे काय तिला माहीत नव्हतं? आईच्या माघारी मावशीनेच तर तिला वाढवलं होतं. तिने डोकेदुखीचं निमित्त काढलं, रिकामा थर्मास उचलला आणि तडक मावशीचं घर गाठलं.

मावशी रबरी मोजे घालून पातेलं घासत होती. भाचीने दार लावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

“बॅग भर मावशी, माझ्याकडे चल. त्यांच्या मनात काळंबेरं आहे. मला भीती वाटतेय गं!”

मावशीने एकेक मोजा सावकाश उतरवला.

“वेडाबाई, यादी मीच भरलीय. त्यांचा पासवर्ड त्यांना कुठे आठवतो?” मग तिच्या कपाळाला आठी पडली. “पण माझ्या नावाला कशी चौकट? मी तर एक लिहिला होता.”

भाचीने मनात मोजलं. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये काका शून्य होते. एक मावशी.

“एक म्हणजे पहिला गं,” मावशी म्हणाली. “तीस वर्षं पहिलं नाव त्यांचंच नाही का?”

तिने भाचीच्या हातातून थर्मास घेतला आणि उलटा करून पाहिला.

“सगळी संपवली ना त्यांनी?”